नारळावर नेम

आमच्या घरी खंडेनवमीला एका गंजक्या तलवारीला गंधफूल वाहत. मग ती वर्षभर माळ्यावर! कूर्गच्या कोडवांची तऱ्हा न्यारी. भातलावणी उरकली, की सप्टेंबराच्या आरंभी त्यांचा कैलपोळ्दु. बंदुकीच्या नळीत कळलावीचे फूल खोवून पूजा करायची, आणि मग गावच्या मैदानात उंच झाडाला बांधलेला नारळ गोळीने फोडायचा. १८६१ साली शस्त्रबंदीतून इंग्रजांनी त्यांना वगळले. सत्तावनातल्या निष्ठेचे ते बक्षीस! मला ते खुपते खरे. स्वतंत्र भारतानेही ती सूट राखली. २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. पण त्या बंदुकीला केवळ बक्षिसाची वस्तू कसे म्हणावे? मुलगा झाला की एक बार, मृत्यू झाला की दोन. दोन ऐकू आले, की शेजारीपाजारी हातचे काम टाकून त्या घराकडे निघत.