इंका पायवाट

इंका पायवाट : पेरू देशातील अँडीज पर्वतातून माचू पिक्चू या इंका अवशेषांकडे जाणारा फरसबंदी डोंगरमार्ग. लांबी सु. ४३ किमी.; पायी चार दिवस लागतात. इंकांच्या ‘कापाक न्यान’ या राजमार्गजाळ्याचा (→ इंका संस्कृती) हा एक फाटा. इंका चाक वापरत नसत. त्यामुळे वाटा माणसांच्या व लामांच्या (→ लामा) पावलांना बेतून आखल्या. उभ्या चढावर वळणे न घेता थेट दगडी पायऱ्या आहेत. काही तर अखंड कातळात खोदलेल्या. पायऱ्यांची उंची कुठे वीतभर, कुठे गुडघाभर. उतरताना गुडघ्यांचा कस लागतो तो यामुळेच. प्रवासी बहुधा उरुबांबा खोऱ्यातील लोहमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरपासून निघतात. वार्मीवान्युस्का (‘मृत स्त्रीची खिंड’, सु. ४,२०० मी.) सर्वांत उंच, तेथे हवा विरळ असते. पुढे सायाकमार्का, विन्याय वायना हे अवशेष लागतात. इंती पुंकू (‘सूर्यद्वार’) ओलांडल्यावर माचू पिक्चू (सु. २,४३० मी.) खाली दिसते. वाटाडे व हमाल धरून रोज सु. ५०० जणांनाच परवाना मिळतो. फेब्रुवारीत, ऐन पावसात, दुरुस्तीसाठी वाट बंद असते. माचू पिक्चू १९८३ मध्ये, तर कापाक न्यान २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले (→ युनेस्को).