शेजाऱ्यांनी परत आणलेली वाचा

अंगावरून वारं गेलं, असं आपण म्हणतो. डॉक्टर पक्षाघात म्हणतात, शहरात स्ट्रोक म्हणतात. हातपाय लुळे पडतात ते सगळ्यांना दिसतं, पण कितीतरी जणांची वाचाही जाते. पाणी मागायचं असतं आणि तोंडातून भलताच शब्द येतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आता त्यांना काही कळत नाही." हे वाक्य फार जुनं आहे, आणि पुष्कळदा ते चूक असतं. गेलेली वाचा कशी परत येते हे माणसाला कसं उमगत गेलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेलाँग नावाचे ८४ वर्षांचे आजोबा मांडीचं हाड मोडून आले. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका येऊन गेला होता. तेव्हापासून त्यांच्याजवळ पाचच शब्द उरले होते: हो, नाही, नेहमी, तीन आणि स्वतःचं नाव. त्यातले 'तीन' आणि नाव हे दोन तर अर्धवटच उमटत. पॉल ब्रोका या सर्जननी त्यांना विचारलं, मुलं किती? आजोबा म्हणाले 'तीन', आणि बोटं दाखवली चार. मुलगे किती? 'तीन', बोटं दोन. मुली? पुन्हा 'तीन', पुन्हा बोटं दोन. हिशोब चोख होता, फक्त शब्द हाताशी येत नव्हता.

थोड्याच दिवसांत आजोबा वारले. ब्रोकांनी त्यांचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी लेबोर्न नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासला होता. तो रुग्णालयात २१ वर्षं होता आणि 'तान, तान' एवढंच बोलत असे. त्याचीही इजा जवळपास तिथेच. बोलण्याची ती जागा आजही ब्रोकांच्या नावाने ओळखली जाते.

इतिहास सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. आम्हाला मात्र पुढची गोष्ट मोठी वाटते. १८६५ साली ब्रोकांनी लिहिलं की आई न कंटाळता लेकराला बोलायला शिकवते, तशी चिकाटी या रुग्णांपाशी धरली तर बरंच काही परत मिळू शकेल. उजवा मेंदू डाव्याचं थोडं काम उचलू शकतो, हेही त्यांनी सुचवलं. पण ती चिकाटी धरणार कोण? रुग्णालयात तेवढा वेळ कुणाकडे होता? पुढे दोन महायुद्धांत डोक्याला गोळी लागलेले तरुण सैनिक हजारोंनी परतले, तेव्हा जर्मनीत आणि रशियात त्यांना पुन्हा बोलायला शिकवण्याची केंद्रं निघाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही.

आता १९६५ सालात येऊ. पॅट्रिशिया नील ही अमेरिकन अभिनेत्री. आदल्याच वर्षी तिला ऑस्कर मिळालं होतं. वय ३९, पोटात पाचवं मूल. फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया झाली, सुमारे तीन आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू लुळी आणि बोलणं जवळजवळ गेलेलं. थोडे शब्द आले तेही मनचे. सिगारेटला ती 'ऑब्लॉगॉन' म्हणे!

नवरा लेखक रोआल्ड डाल, मुलांसाठी लिहिणारा. तो तिला इंग्लंडमधल्या ग्रेट मिसेंडन या गावी घरी घेऊन आला. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, सुखरूप. रोज तासभर उपचार मिळून भागणार नाही, असं डालचं मत होतं. त्याने शेजाऱ्यांना, मैत्रिणींना विचारलं. कुणी तास, कुणी दोन तास, असे मिळून दिवसाचे सहा तास कुणी ना कुणी पॅटपाशी बसे. वाचायचं, मोजायचं, वस्तूंची नावं घ्यायची, पुन्हा घ्यायची. नाव घेतल्याशिवाय डाल तिला वस्तू देत नसे. लोक त्याला निर्दय म्हणत, आणि आम्हालाही ते पटत नाही. दमलेल्या माणसाला पाण्यासाठी परीक्षा द्यायला लावू नये.

या मदतनिसांत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ नावाची एक बाई होती. आजारपणामुळे नोकरी सोडलेली, उपचाराचं कसलंही शिक्षण नाही. तिने एक गोष्ट बरोबर हेरली: समोर बसली आहे ती मोठी, हुशार, चिडलेली बाई आहे, बालवाडीतलं पोर नव्हे. म्हणून पॅटला ज्यात रस वाटेल तेच काम ती काढी. १९६७ साली पॅट न्यूयॉर्कमध्ये भरल्या सभेत भाषणाला उभी राहिली. १९६८ साली तिचा नवा सिनेमा आला आणि त्याबद्दल तिला पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं. (पुढे १९८३ साली त्या नवराबायकोचा घटस्फोट झाला. तो वेगळा विषय.)

मेंदूत नेमकं काय होतं? जो भाग मेला तो परत उगवत नाही. पण त्याच्या आजूबाजूचा भाग नुसता बधिर झालेला असतो, सूज उतरली की तो हळूहळू कामाला लागतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर दिसते. पुढे शेजारचे भाग आणि काही अंशी उजवी बाजू नव्या जोडण्या करून काम वाटून घेतात. ओढ्याने रस्ता नेला की माणसं बांधावरून पायवाट पाडतात, तसंच. मात्र त्या वाटेवरून रोज चालावं लागतं. पॅटचे सहा तास सगळ्यांना झेपणार नाहीत, आणि सगळ्यांची वाचा पूर्ण परतही येत नाही. पण वर्ष उलटलं म्हणून दार बंद होत नाही.

गाण्याचंही असंच नवल. स्वीडनच्या उलॉफ दालीनने १७४५ साली लिहून ठेवलंय की एका माणसाला 'हो' सोडून बोलता येत नसे, पण तो प्रार्थनागीतं म्हणू शके. आपल्याकडेही चहा मागता न येणारी आजी आरती सुरात म्हणते, ते ढोंग नसतं. १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी याच धाग्यावर उपचार बांधला: रोजची छोटी वाक्यं चालीवर, डाव्या हाताने ठेका धरून म्हणायची, मग हळूहळू चाल सोडायची.

त्याच १९७३ साली इंग्लंडमध्ये ग्रिफिथबाईंनी हृदयरोग आणि पक्षाघातासाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर स्वयंसेवकांची योजना सुरू केली. डॉक्टर आणि वाचा-उपचार करणारे आपलं काम करत, आणि गावातलीच माणसं अशा घरी दर आठवड्याला जात. गप्पा मारायच्या, खेळ मांडायचे, बाहेर फिरवून आणायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.