सीतेचे चित्र : वाल्मीकींपासून जात्यापर्यंत

प्राचीन वाङ्मयातील स्त्री सर्वकाळ एकाच साच्यातील आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो यथार्थ नाही. एकट्या सीतेचे चरित्र पाहिले तरी कवीगणिक तिचे रूप कसे पालटत गेले, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातील सीता भर सभेत शपथ घेऊन धरणीच्या उदरात जाते. ज्याने टाकले त्याच्या घरी ती परतत नाही. कालिदासाच्या रघुवंशात, चौदाव्या सर्गात, लक्ष्मणाजवळ निरोप देताना ती पतीला केवळ 'राजा' म्हणते. त्या एका शब्दात केवढी व्यथा आहे! तरी पुढील जन्मी हाच पती लाभावा म्हणून तप करण्याचा निश्चयही तीच बोलून दाखविते.

आठव्या शतकाच्या सुमारास झालेला भवभूती आपल्या विदर्भातील पद्मपूरचा. उत्तररामचरितात त्याने रामाला पंचवटीत आणून शोक करावयास लाविला, अदृश्य सीतेला तो ऐकविला आणि अखेर उभयतांचे मीलन घडविले. रामाचा पश्चात्ताप रामाच्याच मुखी घातला, ही भवभूतीची थोरवी होय. परंतु त्या सुखान्तामुळे अन्यायाची धार बोथट झाली, असे आम्हांस वाटते.

हे तिघेही कवी पुरुष. स्त्रियांनी रंगविलेली सीता पाहावयाची तर आपल्या भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील जात्यापाशी जावे लागते. तेथील ओव्यांत सीता ही कोणा राजाची राणी नसून मावळातील एखादी सून आहे. लहू-अंकुशांना ती रानात एकटीच जन्म देते. आपला सासुरवास तिने देशोदेशीच्या लेकीबाळींना वाटून दिला, असे आमच्या आयाबाया गात आल्या. रामाला देव मानूनही त्याला दोष देण्यास त्या कचरल्या नाहीत.

हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आरंभ करून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे त्यांचे मोठेच ऋण आहे. परंतु गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि गाणाऱ्या वृद्धा एकेक करून जात आहेत.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती एवढीच : घरात ओव्या जाणणारी आजी असेल तर तिच्यापाशी बसून त्या उतरून घ्याव्यात. तिची भाषा मात्र 'शुद्ध' करू नये. कालिदासाला टीकाकार पुष्कळ लाभले. आजीला निदान एक लेखनिक तरी लाभावा.