कळफलक न ओळखला जाणे (नव्याने जुळवलेला संगणक)

सुटे भाग आणून जुळवलेला संगणक पहिल्यांदा सुरू केल्यावर त्याने कीबोर्डला दाद न देणे. बाजारातल्या बोलीत ‘कीबोर्ड डिटेक्ट होत नाही’. अशा वेळी आधी कीबोर्ड बदलला जातो. कारण मात्र बहुधा पोर्ट, बायॉस (आता यूईएफआय) किंवा ऑपरेटिंग सिस्टिम यांपैकी एकात असते. म्हणून कीबोर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर मुका होतो, हे पाहणे पहिले.

त्यासाठी सर्वांत भरवशाची खूण नम लॉकची. कीबोर्डचे रंगीत दिवे लागले याचा अर्थ त्याला 5 व्होल्ट वीज मिळाली, एवढाच. माहितीच्या तारा तुटलेल्या असल्या तरी ते लागतात. नम लॉकचा दिवा मात्र साधारणपणे कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, संगणकाची आज्ञा आल्यावरच तो लागतो वा विझतो. कळ दाबल्यावर दिवा बदलला तर दोन्ही बाजूंचे बोलणे चालू आहे, असे समजावे. बदलला नाही तर तार कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी 2.0 पोर्टमध्ये लावावी. पुढचे यूएसबी 2.0 पोर्ट मदरबोर्डवरील 9 पिनांच्या जोडणीवर अवलंबून असतात आणि नव्या जुळणीत ती जोडणीच अर्धवट बसलेली किंवा राहून गेलेली आढळते. पडदाही काळा असेल तर दोष कीबोर्डचा मानू नये. डीडीआर5 मेमरीच्या संगणकांत पहिल्या वेळी मेमरीची जुळवाजुळव काही मिनिटे चालू शकते आणि तेवढा वेळ कोणतीच कळ चालत नाही.

पूर्वपीठिका : 1984 च्या आयबीएम पीसी/एटीमध्ये कीबोर्डसाठी इंटेल 8042 हा स्वतंत्र नियंत्रक होता. 1987 मध्ये 6 पिनांचे गोल पीएस/2 पोर्ट आले; कीबोर्डसाठी त्याचा जांभळा रंग पुढे रूढ झाला. या पद्धतीत उपकरणाची ओळख पटवण्याचा यूएसबीसारखा सोपस्कार नव्हता. कळ दाबली की नियंत्रक थेट प्रोसेसरला हाक देई. कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा, ही बायॉसची अजरामर सूचना त्याच काळातली. चालू संगणकात पीएस/2 ची तार काढ-घाल केल्याने पोर्ट जळते की नाही, याबद्दल मतभेद आहेत. संगणक बंद करून लावणे बरे.

यूएसबी (1996) आल्यावर बायॉसला या कीबोर्डांसाठी वेगळी सोय करावी लागली. या सोयीत कीबोर्ड 8 बाइटांचा साधा संदेश पाठवतो : एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांसाठी, एक राखीव आणि सहा एका वेळी दाबलेल्या कळांसाठी. काही गेमिंग कीबोर्ड याहून गुंतागुंतीचे संदेश पाठवतात आणि बायॉसमध्ये गप्प बसतात. त्यांपैकी काहींना बायॉस मोडसाठी वेगळे बटण दिलेले असते.

विंडोज 7 चे प्रकरण : या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण. इंटेलच्या 100 मालिकेतील चिपसेटमधून (2015) ईएचसीआय हा यूएसबी 2.0 चा जुना नियंत्रक वगळण्यात आला आणि सगळे यूएसबी पोर्ट एक्सएचसीआय या यूएसबी 3.0 च्या नियंत्रकाखाली गेले. 2009 च्या विंडोज 7 च्या डिस्कवर त्याचा ड्रायव्हर नव्हता. परिणाम चमत्कारिक : बायॉसमध्ये कीबोर्ड व्यवस्थित चाले, सेटअप सुरू झाले की भाषा निवडण्याच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड आणि माउस दोन्ही ठप्प. पोर्ट बदलूनही फरक पडत नसे. पीएस/2 पोर्ट असलेल्या मदरबोर्डवर जुना कीबोर्ड लावून काम भागे. इतरांना दुसऱ्या संगणकावर, मदरबोर्ड कंपनीच्या साधनाने, पेनड्राइव्हमधील विंडोजच्या प्रतीत ड्रायव्हर घालून घ्यावे लागत. विंडोज 8 पासून हा ड्रायव्हर मुळातच समाविष्ट आहे. पीएस/2 कालबाह्य ठरवण्याची घाई झाली, असे म्हणायला या प्रकरणाने जागा दिली.

बायॉसमधील पर्याय : यूएसबी लेगसी सपोर्ट चालू असावा. फास्ट बूटचे काही प्रकार वेळ वाचवण्यासाठी यूएसबी जागे करणेच टाळतात. मग डिलीट कळ कितीही दाबली तरी बायॉस उघडत नाही. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या पर्यायांतून आत जाता येते. होत नसेल तर वीजपुरवठा तोडून सीएमओएस (बायॉसचे पर्याय साठवणारी मेमरी) पुसावे : त्यासाठीच्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात, किंवा सीआर2032 बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी.

बिनतारी कीबोर्ड : ब्लूटूथचे बहुतेक कीबोर्ड बायॉसमध्ये चालत नाहीत; यूएसबी डोंगलचे बहुधा चालतात.

देवनागरी : इनस्क्रिप्ट वा अन्य मांडणीचा या दोषाशी संबंध नाही.

कीबोर्ड सदोष ठरवण्यापूर्वी तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तिथे तो चालला आणि नव्या संगणकाच्या मागच्या एकाही पोर्टवर, बायॉसमध्येसुद्धा, चालला नाही, तर वॉरंटीत द्यायचा तो मदरबोर्ड.