हौशी खेळाडूचा खर्च कोण करतो? सातारा-सांगलीची तालीम आणि एक जर्मन क्लब

आजचा विषय आहे तालीम. कुस्ती नव्हे, तालीम. सुरुवातीलाच हे स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते. कुस्तीचा इतिहास म्हटलं की आपण पैलवानांची नावं घेतो, कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं ते सांगतो. तालमीचा इतिहास वेगळा. ती एक संस्था आहे. तिला जागा कुणी दिली, हौदात माती कुणी टाकली, वस्तादांचा संसार कशावर चालला, पोरांच्या दुधाचे पैसे कुठून आले, हे प्रश्न तिथे येतात. ते फारसे कुणी विचारत नाही, म्हणून आज विचारूया.

एक भौगोलिक खुलासा. मी सातारा आणि सांगली असं एका दमात म्हणतो, कारण १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मधे औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं होती. पैलवानाला या सीमा कधी आडव्या आल्या नाहीत. कराडचा गडी कुंडलच्या मैदानात उतरायचा, मिरजेकडचा साताऱ्याच्या बाजूला यायचा. कृष्णाकाठ हा कुस्तीच्या नकाशावर एकच मुलूख होता.

आता तुम्ही म्हणाल, यात जर्मनी कुठून आली? सांगतो. जर्मनीत गावोगावी खेळाचा एक क्लब असतो. त्याला ते 'फेराइन' म्हणतात. त्याचं मूळ फुटबॉलमध्ये नाही, व्यायामात आहे. १८११ साली फ्रिडरिश लुडविग यान या शिक्षकानं बर्लिनजवळच्या हासेनहाइड इथे उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. नेपोलियनच्या फौजांनी देश तुडवला होता, तरुणांची शरीरं आणि मनं घडवायची, हा हेतू. पुढे प्रशियाच्या सरकारला त्यात राजकारणाचा वास आला आणि १८२० पासून १८४२ पर्यंत या चळवळीवर बंदी राहिली. व्यायामशाळा आणि राज्यकर्त्यांचा संशय, ही जोडी आपल्यालाही ओळखीची आहे.

आपल्याकडे तालमीत मारुती असतोच. समर्थ रामदासांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ११ मारुतींची ठिकाणं आठवा. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन, हे ७ सातारा जिल्ह्यात. शिराळा आणि बहे-बोरगाव हे २ सांगलीत. उरलेले मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूरकडे. म्हणजे ११ पैकी ९ आपल्या या पट्ट्यात. यावरून गावोगावच्या तालमी तेव्हापासूनच्या आहेत असं कुणी म्हटलं, तर मी लगेच मान डोलावणार नाही. पण बलोपासना ही गावाची सामाईक गोष्ट आहे, ही समजूत या भागात किती खोल रुजलेली आहे, ते यातून नक्की कळतं.

तालीम चालते कशी ते बघा. एक कौलारू खोली, आत हौद. हौदात तांबडी माती, ती चाळून घेतलेली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू. पहाटे पोरं येणार, माती उकरणार, जोर-बैठका काढणार, मग लढत. शिकवणारे वस्ताद. फी नाही. माती बदलायची तर गाडी कुणाची तरी येते, तेल कुणी तरी देतं. खरा खर्च असतो खुराकाचा. दूध, तूप, बदाम, थंडाई. शेतकऱ्याच्या घरात एक पैलवान पोसायचा म्हणजे एक म्हैस त्याच्या नावावर गेली असं समजा. ती म्हैस विकली तर जे पैसे येतील, ते घर सोडून देतं. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, पण होतो.

आणि घराला झेपेना, तर गाव उचलतं. जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. जत्रा कमिटी घरटी वर्गणी काढते. लहान पोरांच्या रेवड्यांवर कुस्त्या, मग नारळावर, मग इनामाच्या चढत्या जोडी, शेवटी एक नंबरची कुस्ती. हलगी वाजते, निकाली झाली तर लोक पैलवानाच्या हातात नोटा कोंबतात. आपण याला करमणूक म्हणतो. माझ्या मते ती खेळाला पैसा पुरवण्याची एक पूर्ण व्यवस्था आहे. रेवडीपासून इनामापर्यंत पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर गाव पैसे घालतं.

या व्यवस्थेची सगळ्यात मोठी परीक्षा झाली १९५२ साली.

खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, कराडला लागूनच. वडील पैलवान. खाशाबांचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. गादीवरच्या कुस्तीचा सराव नाही, तरी फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी. आता संस्थान विलीन झालेलं. म्हणजे राजा नाही, आणि सरकार अजून खेळाकडे वळलेलं नाही. या मधल्या फटीत खाशाबा उभे होते.

मग पैसे आले कुठून? गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी, कराडच्या दुकानदारांनी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती आपण नेहमी एका माणसाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि तो मोठेपणा होताच. पण जरा लांबून बघा. घरटी वर्गणी, व्यापाऱ्यांची देणगी आणि एका आश्रयदात्याची मोठी रक्कम, ही तर जत्रेच्या फडाची पद्धत. गावाला जे येत होतं तेच गावानं केलं. फक्त या वेळचं मैदान फिनलंडमध्ये होतं.

२३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? परतल्यावर कराडला खाशाबांची मिरवणूक निघाली, १५१ बैलगाड्या होत्या असं सांगतात. त्यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं. वर्तुळ पुरं झालं. मातीतून पैसा गेला, मातीतूनच परत आला.

इथे एक गंमत आहे. त्या काळचं ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळून पैसे घेणारा तो हौशी नाही. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२ मध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. त्यानं आधी थोड्या पैशासाठी बेसबॉल खेळल्याचं उघड झालं, तेव्हा १९१३ मध्ये ती काढून घेतली गेली. हा नियम काटेकोर लावला, तर जत्रेतलं इनाम घेणारा आपला कोणता पैलवान हौशी ठरेल? 'हौस' हा आपला शब्द चांगला आहे, पण हौशेला मोल असतं. ज्याच्या घरी जमीन-जुमला आहे त्याला हा नियम सोपा. बाकीच्यांना तो दार बंद करणारा.

जर्मनीत हेच एका क्लबच्या बाबतीत घडलं. गेल्सेनकिर्शन हे कोळसा खाणींचं शहर. तिथल्या शाल्के वस्तीतल्या पोरासोरांनी १९०४ मध्ये फुटबॉल क्लब काढला. पुढे तो एका व्यायाम मंडळात सामील झाला. १९२४ मध्ये व्यायामवाले आणि फुटबॉलवाले वेगळे झाले आणि 'शाल्के ०४' हे नाव आलं. खेळाडू खाणकामगारांच्या घरांतले. जर्मन फुटबॉल महासंघाचा नियम कडक हौशी, प्रवासखर्चापुरते किरकोळ पैसे चालतील, त्याहून जास्त नाही. शाल्के जास्त देत होतं. ऑगस्ट १९३० मध्ये १४ खेळाडूंना व्यावसायिक ठरवून बंदी घातली. क्लबच्या खजिनदारानं कालव्यात जीव दिला. बंदी उठल्यावर १ जून १९३१ ला संघ पुन्हा मैदानात आला, तेव्हा ७०,००० लोक जमले होते. त्या लोकांचं म्हणणं सरळ होतं. आमची पोरं आहेत, त्यांनी चार पैसे घेतले तर काय बिघडलं? जर्मनीत उघडपणे व्यावसायिक फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला मात्र १९६३ साल लागलं.

तालीम आणि फुटबॉल यांचं नातं बघायला तेवढं लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत. पेठेची तालीम होती, तिच्याभोवती पेठेची माणसं होती, तिनं चेंडू उचलला. सातारा-सांगलीकडे तसा फुटबॉल रुजला नाही, कुस्तीच राहिली. १९६१ चे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी सांगलीचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं घेणारे मारुती माने कवठेपिरानचे. संस्थानं गेल्यावर आश्रय दिला तो सहकारी साखर कारखान्यांनी. पैलवानाला मानधन सुरू झालं. देणारा हात बदलला, तालमीची गरज तीच राहिली.

आता अवघड भाग. गाव पैसे देतं म्हणजे गावच ठरवतं की कुणासाठी द्यायचे. हौदात जात नसते असं आपण अभिमानानं म्हणतो. पण तालमी पेठांच्या आणि गल्ल्यांच्या होत्या, आणि आपल्या पेठा कशा वसल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि अर्धं गाव, म्हणजे बायका, हौदाच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्याच नाहीत. म्हशीची धार काढणारी बहुतेक घरांत बाईच होती. खुराक तिच्या हातून जायचा, लढायचा मान मात्र तिच्या मुलीला नव्हता. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली, महिलांची पहिली झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. ती जिंकली सांगली जिल्ह्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं. मधे ६२ वर्षं गेली. तालमीचं कौतुक करताना हा आकडाही सांगितला पाहिजे.

शेवटचा मुद्दा. जर्मन क्लबांची एक रीत आहे. ५० किंवा १०० वर्षं झाली की ते स्वतःची स्मरणिका काढतात. संस्थापक, सभासद, हिशेब, भांडणं, सगळं त्यात येतं. त्यामुळे छोट्या गावच्या क्लबचाही इतिहास लिहिता येतो. आपल्या तालमींकडे भिंतीवर तसबिरी असतात, कपाटात गदा असते, पण वह्या नसतात. जत्रा कमिटीच्या वर्गणीच्या वह्या, फडाची हँडबिलं, इनामांच्या याद्या, हे कागद म्हणजे आपल्या खेळाचा खरा इतिहास आहे. कुणी २ रुपये दिले, कुणी ५ दिले, कुणाकडे मागायलाच गेले नाहीत, ते सगळं तिथे आहे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या किती घरांतले कागद भिजले असतील, याचा विचार करा.

तेव्हा विनंती एवढीच. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, तालमीत, देवळाच्या पेटीत अशी एखादी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. मोबाइलवर पानांचे फोटो काढा, तारीख टाका, गावच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. पैलवानाचं नाव लोक लक्षात ठेवतात. त्याला दूध कुणी पाजलं, ते त्या वहीतच सापडेल.