ससेहोलपट



मराठीत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. एक आपला माळरानावरचा. तो बीळ करत नाही, झुडपाखाली उघड्यावर राहतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन येतात. चंद्रावर दिसतो तो हा, कासवाशी शर्यत हरला तो हा, आणि पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळलं म्हणत पळाला तोही हाच. दुसरा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळात, गोतावळ्यात राहतो, त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. जगात जिथे म्हणून पिंजऱ्यात ससा दिसतो तिथे तो हा दुसरा. दोघांची जात इतकी वेगळी की त्यांची संकर पिल्लं होत नाहीत. इंग्रजांकडे दोघांना दोन नावं आहेत, आपल्याला कधी गरजच पडली नाही.

'ससेहोलपट' हा शब्द रानात हुसकावलेल्या पहिल्या सशाचा. पण गेलं दीड वर्ष आमच्या रेडिंगच्या घरात जो बसून आहे त्याच्या कुळाचा इतिहास वाचल्यावर मला वाटतं, हा शब्द दुसऱ्यालाच जास्त शोभतो.

आधी बंड्याची ओळख. मुलीला ससा हवा होता आणि बायकोचं म्हणणं, दुकानातून विकत नाही आणायचा. म्हणून इथल्या एका प्राणी-आश्रयगृहातून आणला. कुणाच्या तरी बागेच्या टोकाला लाकडी खुराड्यात चार वर्षं एकटा होता. नखं वाढून वळलेली, हनुवटी लाळेने कायम ओली, मान उजवीकडे कललेली. वजन त्याच्या आकाराच्या सशाचं असायला हवं त्याच्या दोन तृतीयांश. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हात लावण्याआधी दोनच प्रश्न विचारले: आधी कुठे राहायचा, आणि काय खायचा? मग तोंडात दुर्बीण घालून मला दाखवलं. खालच्या दाढांना काट्यासारखी टोकं आली होती आणि ती जिभेत रुतत होती.

सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. दिवसभर गवत चघळून ते झिजले पाहिजेत, असा निसर्गाचा हिशोब. बंड्याला मिळत होती म्यूझली, म्हणजे धान्य, वाटाणे आणि रंगीत गोळ्यांचं पाकिटातलं मिश्रण. त्यातलं गोड तेवढं वेचून खायचं आणि बाकीचं टाकायचं. आपल्याकडे चिवड्यातले दाणे वेचणारी मुलं असतात ना, तसंच :-) गवत जवळपास नाहीच.

आता कुणीही म्हणेल की आधीचा मालक निष्काळजी होता. होताच. पण त्याने ते खुराडं काही स्वतः शोधून काढलं नव्हतं. दुकानात 'सशाचं घर' म्हणून तेच मिळतं, आणि 'सशाचं खाणं' म्हणून तीच पाकिटं मिळत आली. हे आलं कुठून, म्हणून मी वाचायला लागलो.

इथल्या चिचेस्टर गावाजवळ फिशबर्न नावाचा रोमन राजवाडा आहे. १९६४ च्या उत्खननात तिथे जेमतेम चार सेंटिमीटरचं एक हाड मिळालं होतं. कुणी ओळखलं नाही, ते खोक्यात पडून राहिलं. २०१७ मध्ये एका पुराप्राणीतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की ही सशाची नडगी आहे. कार्बन चाचणीत ती पहिल्या शतकातली निघाली, म्हणजे ब्रिटनमधला आजवरचा सर्वात जुना ससा. २०१९ मध्ये ही बातमी जाहीर झाली. हाडावर सुरीची खूण नाही. रासायनिक तपासणीवरून असं दिसतं की तो स्वतःच्या लेंड्या खात होता आणि कोंडून ठेवलेला असावा. (लेंड्या खाणं हा सशाचा आजार नव्हे. एक मऊ प्रकारची लेंडी तो रोजच खातो, गाय रवंथ करते तसं त्याचं दुसऱ्यांदा पचवणं. पण प्रमाण वाढलं तर संशोधकांना त्यावरून अंदाज बांधता येतो.) म्हणजे या बेटावरचा पहिला माहीत असलेला ससा बहुधा कुणा श्रीमंताने हौसेने पाळलेला, आणि बंदिस्त. सुरुवात तिथूनच.

त्यानंतर बाराव्या शतकापर्यंत इथे सशांचा फारसा पत्ता नाही. नॉर्मन लोकांनी ते पुन्हा आणले, मांसासाठी आणि कातड्यासाठी. इंग्लंडच्या थंड, ओल्या मातीत त्यांना नीट बिळं करता येईनात म्हणून जमीनदारांनी मऊ मातीचे लांबट उंचवटे बांधून दिले, राखायला पगारी माणूस ठेवला. डार्टमूरला फिरायला गेलात तर हे उंचवटे आजही दिसतात. त्या काळात ससा कोंबडीपेक्षा कित्येक पट महाग होता. मेजवानीतला पदार्थ होता तो.

थोडं विषयांतर. सशाच्या कुठल्याही पुस्तकात एक गोष्ट हमखास सापडते: सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने फतवा काढला की सशाची नवजात पिल्लं मांसात मोडत नाहीत, उपासाला चालतात, आणि म्हणून मठातल्या साधूंनी ससे माणसाळवले. उपासाला साबुदाणा चालतो की नाही यावर वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट लगेच पटते. पण ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मुळं खणली तर असा फतवाच नाही. टूर्सचा ग्रेगरी नावाच्या दुसऱ्याच बिशपच्या लिखाणात एकाने उपासाच्या काळात सशाची पिल्लं खाल्ल्याचा उल्लेख आहे, त्यावरून पुढच्या लेखकांनी नाव आणि हेतू दोन्ही बदलले. ससा एका दिवसात किंवा एका हुकुमाने पाळीव झालेला नाही. आधी मोकळं कुरण, मग कुंपण, मग पेटी, असा शेकडो वर्षांचा तो प्रवास आहे.

पेटी आली ती शहरं वाढली तेव्हा. एकोणिसाव्या शतकात कामगार वस्तीत गाय-डुक्कर पाळायला जागा कुठली? ससा मावतो, आवाज करत नाही, भाजीच्या देठांवर जगतो. एका पेटीत एक ससा, काही महिने, मग रविवारचं जेवण. त्या हिशोबाला खुराडं अगदी बरोबर होतं. जो प्राणी तीन-चार महिनेच जगायचा आहे त्याने धावून करायचं काय? त्याच काळात लांब कानांचे, रंगीबेरंगी हौशी ससे प्रदर्शनात बक्षिसं मिळवू लागले, मध्यमवर्गाच्या मुलांकडे आले. बीट्रिक्स पॉटरने आपला पीटर लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातून विकत घेतला होता. त्याच्या नावाची गोष्ट १९०२ साली छापून आली तेव्हा मुलांचा लाडका ससा कायमचा ठरला. मात्र त्या गोष्टीत पीटरच्या बापाचं काय होतं ते आठवतंय ना? मॅकग्रेगरच्या घरी त्याचा पाय होतो! लाड आणि ताट, दोन्ही एकाच घरात.

दुसऱ्या महायुद्धात ताट पुन्हा वर आलं. १९४० मध्ये मांसाला रेशन लागलं आणि परसात ससे पाळायला सरकारने उत्तेजन दिलं. रॅबिट क्लबचं सभासद झालं की सशांसाठी कोंडा मिळायचा. मांसाचं रेशन उठलं जुलै १९५४ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस पोचला होता. फ्रान्समधल्या एका निवृत्त डॉक्टरने आपल्या मळ्यातले ससे मारायला १९५२ साली हा विषाणू सोडला आणि तो खाडी ओलांडून आला. दोन वर्षांत ब्रिटनमधले ९९ टक्क्यांहून जास्त रानटी ससे मेले. डोळे सुजलेले, आंधळे ससे रस्त्यावर फिरताना पाहिलेल्या पिढीने सशाचं मांस पानात घेणं जवळजवळ सोडून दिलं.

आणि इथेच मला बंड्याच्या आजाराचं मूळ दिसतं. खाणारे गेले, खुराडी राहिली. मुलांच्या हौसेचा ससा त्याच पेटीत बसला, पण आता त्याला तीन महिने नाही, आठ-दहा वर्षं जगायचं होतं. खाणंही झटपट वजन वाढवणाऱ्या जातीचंच राहिलं. हॅरोगेटच्या पशुवैद्य फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की निवडून खाणाऱ्या सशांना कॅल्शियम कमी पडतं, आणि जबड्याचं हाड आणि दात बिघडण्याशी त्याचा संबंध आहे. पेटीत ऊन नाही, म्हणजे 'ड' जीवनसत्त्वही नाही. पुढे एडिंबरा विद्यापीठाच्या अभ्यासातही म्यूझलीचा संबंध दातांच्या दुखण्याशी आणि लठ्ठपणाशी लागला.

कुणी म्हणेल, इतक्या उशिरा? सशावर तर कितीतरी प्रयोग झाले! हो, पण सशासाठी नव्हेत. पाश्चरने १८८५ साली रेबीजची पहिली लस सशाच्या मज्जारज्जूतून काढली. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही आपल्या लहानपणची धमकी त्याच घराण्यातली, फक्त आपल्याकडे पुढे मेंढीचा मेंदू वापरत. १९३१ ची फ्रीडमन चाचणी म्हणजे बाई गरोदर आहे का ते सशीण कापून बघणं. १९४४ ची ड्रेझ चाचणी म्हणजे सशाच्या डोळ्यात रसायन घालून बघणं. बंड्याची मान ज्या परजीवीमुळे कलली त्याची नोंद प्रयोगशाळेतल्या सशांत १९२२ मध्येच झाली होती. पण ती महत्त्वाची वाटली ती मुख्यतः प्रयोगाचे आकडे चुकतात म्हणून. त्यावर आज देतात ते फेनबेंडाझोल हे गुरा-मेंढरांच्या जंतांचं औषध. अठ्ठावीस दिवस, रोज एकदा. आम्ही दिलं. मान सरळ नाही झाली, पण तो आता पडत नाही.

घरात मोकळा ठेवायच्या सशाबद्दल पहिलं नाव घेण्याजोगं पुस्तक १९८५ चं, अमेरिकेतलं. तिथली हाउस रॅबिट सोसायटी १९८८ ची, इथली तशी संस्था १९९६ ची. कायदाही असाच उशिरा आला. १८२२ चा पहिला कायदा गुरं, घोडे, मेंढ्यांपुरता. १९११ चा कायदा क्रौर्याला शिक्षा देणारा, पण पेटीत एकटं ठेवणं हे क्रौर्य कुणाला वाटणार? २००६ च्या कायद्याने प्रथमच मालकावर उलटं ओझं टाकलं: योग्य जागा, योग्य अन्न, नैसर्गिक वागणूक, सोबत आणि दुखण्यातून बचाव हे त्याने दिलंच पाहिजे. इथली संस्था आता दोन सशांना तीन बाय दोन मीटरची जागा आणि एक मीटर उंची सांगते. बऱ्याच दुकानांतली खुराडी याच्या जवळपासही जात नाहीत.

साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं की सशाला दर दहा आठवड्यांनी भूल देऊन दाढा घासाव्या लागतात, तर ती आधी बिल ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, त्याला दूर्वा घाल की. आणि कोथिंबीर. गाजर कशाला?" डॉक्टरीणबाईंनी दिलेला तक्ता हेच सांगतो: ढीगभर वाळलेलं गवत, थोडा पाला, गाजर क्वचित कारण त्यात साखर फार. गाजर खाणारा ससा हे सिनेमावाल्यांचं काम. आता घासण्यातलं अंतर चौदा आठवड्यांवर गेलंय.

इथे कुणाला ससा घ्यायचा असेल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. मिक्सोमॅटोसिस आहेच, शिवाय १९८४ साली चीनमध्ये निघालेला रक्तस्रावी ताप १९९२ मध्ये ब्रिटनला पोचला, आणि त्याचा दुसरा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये सापडून नंतर इथे आला. तिन्हींवर मिळून वर्षाला एकच टोचणी २०२० पासून मिळते, ती चुकवू नका. ब्रिस्बेनच्या मंडळींनी मात्र नाद सोडावा. क्वीन्सलंडमध्ये परवान्याशिवाय ससा पाळणं गुन्हा आहे, आणि परवाना मिळणाऱ्या मोजक्या लोकांत जादूगार आहेत.

बंड्याला सोबत हवी म्हणून त्याच आश्रयगृहातून एक सशीण आणायचं चाललं आहे. तिचे दात म्हणे ठीक आहेत, पण एक कान ऐकत नाही.