सापांचे बंदिवासातील प्रजनन : जोडीचा काळ आणि फळलेली अंडी

बंदिवासातील सापांकडून फळलेली अंडी मिळावीत म्हणून नर-मादीला एकत्र कधी आणायचे हे ठरवणे, म्हणजे प्रजननाचे कालनियोजन. आपल्याकडील नाग, अजगर, धामण आणि मण्यार अंडी घालतात. घोणस, फुरसे आणि मांडूळ थेट पिल्ले देतात, म्हणून ही नोंद पहिल्या गटापुरती आहे. जोडी लावण्याची वेळ महिना पाहून काढण्याकडे कल असतो : हिवाळा लागला की नर सोडायचा. हा नियम अपुरा आहे. ऋतू मादीला तयारीच्या उंबरठ्यापर्यंत आणतो. नेमकी वेळ तिच्या अंडाशयातील पुटकांच्या, म्हणजे बीजांडे ज्यांत वाढतात त्या पिशव्यांच्या, वाढीवरूनच ठरते.

तरी ऋतूकडे आधी नीट पाहायला हवे. सिल्वासा परिसरातील किलवणीसारख्या गावात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. भातखाचरांत बेडूक माजतात, भात पोटरीला आला की बांधांच्या बिळांत उंदीर वाढतात आणि मादीच्या अंगावर चरबी धरते ती याच दिवसांत. पुढे कोरडा, गार काळ येतो. अजगरांचे मीलन साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, अंडी मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत घातली जातात. नागीण एप्रिल ते जुलैत उंदराच्या बिळात किंवा वारुळात १० ते ३० अंडी घालते आणि ती ४८ ते ६९ दिवसांत फुटतात. बहुतेक पिल्ले बाहेर पडतात तेव्हा जमिनीत ओल असते आणि खाचरांत बोटभर बेडकांची रेलचेल. पिंजऱ्यात हाच क्रम उभा करायचा असतो : आधी भरपूर खाद्य, मग रात्री थोडा गारवा आणि दिवसा ऊब, मग पुन्हा उष्मा. उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेकसाठी लिहिलेली कित्येक आठवड्यांची शीतनिद्रा नागाला किंवा अजगराला जशीच्या तशी लावू नये. तेवढ्या गारठ्यात त्यांना श्वसनाचे विकार जडण्याचा धोका असतो.

गारव्याने मादी फळत नाही, खऱ्या अर्थाने ती फळते चरबीने. बलकाचे द्रव्य यकृतात तयार होते आणि रक्तातून पुटकांत साठते. रोडावलेल्या मादीत हे सुरूच होत नाही. मग थंडी कितीही अचूक दिली तरी उपयोग नसतो. सोनोग्राफीत पुटके वाढताना दिसतात तोच जोडीचा काळ. अजगराच्या मादीत पुटकांतून बीजांडे सुटताना शरीराचा मधला भाग दिवसभर ठळक फुगलेला दिसतो, त्यानंतर काही आठवड्यांत ती कात टाकते आणि मग अंडी घालते. फुगवटा येऊन गेल्यावर नर सोडणे म्हणजे वेळ निघून गेल्यावर धावणे. नागराजाच्या (किंग कोब्राच्या) बाबतीत तर चुकीची वेळ जिवावर बेतते : आधीच अंडी धरलेल्या मादीला नराने मारल्याची उदाहरणे कर्नाटकातील आगुंबेच्या जंगलातही पाहिली गेली आहेत.

यावर आक्षेप असा की मादी शुक्राणू साठवून ठेवते, मग वेळेचा एवढा आग्रह कशाला? साठवण खरी आहे. अमेरिकेतील एका रॅटलस्नेक मादीने मीलनानंतर पाच वर्षांनी पिल्ले दिली. पण साठवलेले शुक्राणूही बीजांडे सुटण्याआधीच तिच्या शरीरात असावे लागतात. साठवणीमुळे मुदत लांबते, तिची शेवटची कड हलत नाही. दुसरा आक्षेप, नर लागतोच कशाला, हा वाळ्यावरून येतो. या आंधळ्या सापाच्या जातीत नरच नसतात. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील एका बर्मी अजगराच्या मादीच्या अंड्यांतही नराशिवाय भ्रूण वाढले आणि ते जनुकीयदृष्ट्या आईसारखेच निघाले, हे २००३ साली प्रसिद्ध झाले. वाळ्यात हा जातीचा धर्म आहे, अजगरात अपवाद. अपवादावर प्रजननाची योजना उभारता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : अंडी वाया जातात ती उबवणीतील चुकीने. हा वाद अंडे पाहूनच मिटतो. अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की फळलेल्या अंड्यात लालसर शिरांचे जाळे दिसते. वांझ अंडे पिवळट, मऊ आणि आत रिकामे असते. अंडे फिरवायचे नाही, कारण गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो. खराब झालेले अंडे फोडून पाहावे. आत मेलेला गर्भ सापडला तर दोष बहुधा उबवणीचा. वरवर पाहता गर्भाची खूणच नसेल, तर गर्भ अगदी सुरुवातीला मेल्याची शक्यता सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वगळावी. मग संशय जोडीच्या वेळेवर किंवा नरावर जातो. ही नोंद न ठेवता उबवणीयंत्राचे तापमान बदलत राहिल्याने वर्षे फुकट जातात.

भारतात हे काम मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांचेच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी साप घरी पाळता येत नाहीत. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानासारख्या ठिकाणी वस्तीतून सोडवलेले सापही येतात. उन्हाळ्यात आणलेल्या नागिणीने पिंजऱ्यात अंडी घातली, तर तिचे मीलन रानातच झालेले असण्याची शक्यता मोठी. ती अंडी बंदिवासातील प्रजननाच्या खात्यावर मांडू नयेत. पिंजऱ्यातच वाढलेल्या मादीची, नर कोणता आणि कोणत्या दिवशी सोडला हे लिहिलेली अंडीच तेथे मोजावीत.